हिलारिओचा संथ ठेका

माझी मतं मी सहसा कुणाला सांगत नाही, वहीत लिहून ठेवतो. मत तोंडाने सांगितलं की समोरचा लगेच त्याचं सांगतो, आणि त्याचं ऐकलं की मला माझं चुकीचं वाटायला लागतं. वही बिचारी ऐकून घेते.

अशा माझ्या अकरा वह्या आहेत. १९६९ पासून मी ऐकलेल्या दोनशे चौदा रॉक रेकॉर्डांबद्दल त्यांत लिहिलं आहे. सगळ्यांचं सार सांगायचं तर असं : साठीच्या दशकातलं रॉक हे मुळात विचारी माणसांचं संगीत. सत्तरीत त्याच्यावर शोककळा पसरली. ऐंशीत वाद्यं बदलली, पण थकवा काही गेला नाही. रॉक ऐकून तरुण पोरं बिथरतात, असं आमचे पाद्री रविवारी प्रवचनात सांगायचे. माझा अनुभव वेगळा होता. मला झोप छान लागायची.

रेडिओवर हीच गाणी बरीच घाईत वाजत, हे माझ्याही लक्षात आलं होतं. तिसऱ्या वहीत त्याची नोंद आहे : 'जाहिरातींना जागा करण्यासाठी रेडिओवाले गाणी पळवतात. रसिकांनी निषेध करावा.' निषेध मी अर्थातच वहीतच केला.

आयुष्यात माझं एकच मत छापून आलं. १९७३ साली. आमच्या तोलोसात, म्हणजे ला प्लाता शहराच्या रेल्वेकडच्या अंगाला, चार पोरांनी 'लोस फोगोनेरोस' नावाचा बँड काढला होता. फोगोनेरो म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. चौघांचेही बाप रेल्वेच्या कारखान्यात, एक सोडून. तो एक म्हणजे ड्रम वाजवणारा हिलारिओ पाग्नुत्ती. त्याच्या बापाची बेकरी होती, आमच्या घरासमोर. हिलारिओ आणि मी शाळेत एका बाकावर होतो. बेकरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा सराव चाले, तेव्हा आमच्या कपाटातल्या बश्या त्याच्या ठेक्यावर नाचत. मग ते ब्युनोस आयर्सला जाऊन रेकॉर्ड करून आले. मी ती विकत घेतली, घरी लावली, आणि थक्क झालो. शेडमधला तुफान हिलारिओ रेकॉर्डवर साफ गळाला होता. मला वाटलं, राजधानीतला स्टुडिओ बघून घाबरला असणार. मी त्याच्या जागी असतो तर नक्कीच घाबरलो असतो.

वस्तीच्या मासिक पत्रकाचे संपादक तेव्हा माझ्या मागे लागले होते, की तुम्ही छापखान्यात मुद्रितं तपासता, तर चार ओळी लिहा. मी लिहिल्या. त्यातली एक अशी होती : 'ढोलवादक जणू स्वतःच्याच अंत्ययात्रेहून पायी परत येत असावा.'

वाक्य मला आवडलं होतं. लेखकाला स्वतःचं वाक्य आवडलं की ते खोडावं, हे मला कितीतरी नंतर कळलं.

पत्रक शनिवारी वाटलं गेलं. रविवारी सकाळी मी पाव आणायला बेकरीत गेलो. हिलारिओ काउंटरवर होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नुसतंच म्हणाला, "संपला." त्याच्या मागे फळीवर निदान चाळीस पाव होते. मी "बरं" म्हणालो आणि बाहेर पडलो. तेव्हापासून मी सहा चौक पलीकडच्या बेकरीतून पाव आणायला लागलो. तीन महिन्यांनी बँड मोडला. हिलारिओने ड्रम विकले आणि बापाच्या जागी भट्टीवर उभा राहिला. बेचाळीस वर्षं आम्ही समोरासमोर राहतो. मी खिडकी उघडली की तो शटरच्या कुलपाशी खेळत बसतो. तो बाहेर आला की माझ्या बुटाची नाडी सुटते.

गेली नऊ वर्षं माझा गुडघा धरतो, त्यामुळे पाव इर्मा आणते. इर्मा माझी बायको. सहा चौक जायचे, सहा चौक यायचे, पण ही सात मिनिटांत घरी हजर. सत्तरीच्या बाईचा हा झपाटा बघून मला माझ्या गुडघ्याची लाज वाटते. पाव मात्र झकास. तोडताना मी दर वेळी म्हणतो, "बघ इर्मा, चांगल्या पावाची गोष्टच वेगळी. समोरच्याला जमलं असतं का हे?" इर्मा माते नावाच्या आमच्या कडू पाल्याच्या चहासाठी भोपळ्याच्या पेल्यात गरम पाणी ओतत असते. ती म्हणते, "खा आता."

तर सगळं असं सुरळीत चाललं होतं, आणि वाचनालयाला शंभर वर्षं झाली.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या अध्यक्षा देल्फिना आर्रिएचे घरी आल्या. त्या आल्या की मी उभा राहतो. का ते माहीत नाही, पण राहतो.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "इर्माने मला तुमच्या वह्यांचं सांगितलं."

मी इर्माकडे बघितलं. इर्मा खिडकीबाहेर बघत होती.

"दर शनिवारी संध्याकाळी सहाला श्रवणसभा. तुम्ही एकेक रेकॉर्ड लावायची आणि तिच्यावरचं मत वाचून दाखवायचं. दशकानुसार."

"मला लोकांसमोर बोलता येत नाही, सेन्योरा."

"बोलायचं कुठंय? वाचायचंय. आणि पहिला शनिवार आपल्या वस्तीच्या बँडचा. लोस फोगोनेरोस. हिलारिओलाही बोलावते. नाहीतरी आपल्या कार्यक्रमांना केक-बिस्किटं तोच पाठवतो."

माझ्या घशातून काहीतरी आवाज आला. तो त्यांनी होकार म्हणून लिहून घेतला.

पुढे कार्यकारिणीची सभा झाली. रॉक हा 'संस्कृती' या सदरात बसतो की 'करमणूक' या, यावर पावणेदोन तास चर्चा झाली. शेवटी 'इतर' या सदरात तो एकमताने बसवण्यात आला. आयुष्यभर मी ज्या गोष्टीवर प्रेम केलं तिचा 'इतर'मध्ये समावेश झाल्याचं मी इतिवृत्तात स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, कारण चिटणिसांचं अक्षर वाईट होतं.

मग निघाला फॉर्म. जाहीर ठिकाणी गाणी वाजवायची तर संगीताच्या हक्कांच्या कचेरीत यादी द्यावी लागते, तीन प्रतींत. गाण्याचं नाव, वाजवणाऱ्याचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात : 'प्रत्यक्ष वादनाचा कालावधी (मोजून लिहावा)'.

दुसऱ्या कुणी रेकॉर्डच्या कव्हरावरचे आकडे उतरवून काढले असते. पण मी अडतीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत. कंसात 'मोजून लिहावा' असं छापलेलं असताना न मोजता लिहिणं माझ्या हातून होणार नाही. मी इर्माचं अंडी उकडायचं घड्याळ घेतलं, सगळी गाणी मोजली, वेळा लिहिल्या, बस धरून कचेरीत गेलो.

खिडकीमागच्या बाईंनी यादी बघितली, त्यांचं एक जाडजूड बाड बघितलं, मग मला बघितलं.

"पहिलं गाणं साडेतीन मिनिटांचं आहे. तुम्ही चार मिनिटं बारा सेकंद लिहिलंय."

"मोजलं मी."

"का?"

"फॉर्मवर लिहिलंय, मोजून लिहावा."

"ते असंच लिहिलेलं असतं हो, सेन्योर."

असंच! छापील मजकुराबद्दल 'असंच' हा शब्द ऐकून माझे कान तापले. मी म्हणालो, "बाई, मग रेकॉर्ड कंपनीने कव्हरावर चुकीचं छापलंय."

"सगळ्या आठ गाण्यांचं?"

"सगळ्या."

"हे बघा, एकतर रेकॉर्ड चुकतेय नाहीतर तुम्ही. ठरवा आणि सोमवारी या. पुढचे!"

पुढचे म्हणजे माझ्यामागचे गृहस्थ. ते मला बाजूला सरकवत पुटपुटले, "आजोबा, अंडी किती उकडली?" घड्याळ माझ्या हातातच राहिलं होतं. कोंबडीच्या आकाराचं आहे ते.

घरी येऊन मी दुसऱ्या रेकॉर्डा मोजल्या. इंग्रज बँड, आमचे बँड, एक ब्राझीलचा. प्रत्येक गाणं छापील वेळेपेक्षा लांब. दोन मिनिटं पंचावन्नचं साडेतीन मिनिटं, पाचाचं सहा. जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांनी मिळून वेळेची चोरी चालवली होती आणि ती तोलोसातल्या एका निवृत्त मुद्रितशोधकाने पकडली होती! मी तीन कंपन्यांना पत्रं लिहायला घेतली. 'महोदय, आपण ग्राहकांना सांगता त्यापेक्षा जास्त संगीत देत आहात, ही गंभीर बाब...' एवढं लिहिल्यावर तक्रार नक्की काय करायची ते सुचेना.

बातमी गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. देल्फिनाबाई म्हणाल्या, घड्याळ बदला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने नाडी तपासून घ्यायला सांगितलं. त्याच्या मते वय झालं की मिनिटं लांबतात. तिबुर्सिओ आले. ते पूर्वी फुटबॉलचे रेफरी होते आणि त्यांच्याकडे खरं, सराईत स्टॉपवॉच होतं. त्यांनी शिटी वाजवून पहिलं गाणं सुरू करायला लावलं, शिटी वाजवून थांबवलं, आणि मध्ये सुई खरखरली त्याबद्दल अकरा सेकंद जादा वेळ दिला.

"चार मिनिटं तेवीस," ते म्हणाले. "निर्णय अंतिम."

"पण खरखरीचे अकरा काढले तर चार बाराच येतात की!"

"मैदानावर माझ्याशी वाद घातलास तर लाल कार्ड दाखवीन हं, आन्सेल्मो."

एवढ्यात इर्माने हाक मारून सांगितलं की व्हिल्मा आली आहे. व्हिल्मा वस्तीतली कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करते. आमचं यंत्र पिळताना घरभर फिरायला लागलं होतं, म्हणून तिला बोलावलं होतं. ती हातात पाना घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली आणि गाणं ऐकायला लागली.

"हे काय लावलंय? कुणी गेलं का?"

"रॉक आहे," मी म्हणालो.

"हे? काका, मी यावर कॉलेजात नाचलेय. हे असं नव्हतं." ती सरळ रेकॉर्ड प्लेअरपाशी गेली, तो पालथा करण्याइतपत तिरपा केला आणि मागची पितळी पट्टी अंगठ्याने पुसली. "हा कुठून आणला?"

"माझ्या मामाने. जहाजावर खानसामा होता. बाल्टिमोरहून आणला, एकोणसत्तर साली. अमेरिकन माल आहे. एकदाही बिघडला नाही."

"तो विजेचा दाब कमी करायचा ठोकळा लावलाय, तो बरोबर आहे. पण हे बघा. साठ. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली घेते पन्नास. ही मोटर हेलकावे मोजून फिरते. तिला मिळणार साठ म्हणून ती निघाली, आणि मिळाले पन्नास."

"म्हणजे?"

"म्हणजे धावायचं ते चालतंय. पहिल्या दिवसापासून."

तिबुर्सिओंनी उगाचच एक बारीकशी शिटी वाजवली.

मी खाली बसलो. माझ्या डोळ्यांसमोरून अकरा वह्या सरकायला लागल्या. साठीतली विचारी माणसं विचारी नव्हती. सत्तरीत कुणी मेलेलं नव्हतं. ऐंशीत कुणी थकलं नव्हतं. सगळे आपले मजेत उड्या मारत होते आणि मी त्यांचं सांत्वन करत होतो. पाचव्या वहीत रोसारिओ शहरातल्या एका गायकाबद्दल मी लिहिलं होतं, 'या तरुणाचा खर्जातला आवाज पुढे नाव काढील.' कव्हरवर नुसतं पेअरचं एक फळ काढलेलं होतं. इर्माने आता सांगितलं, की ती बाई होती. तीन मुलांची आई.

"तुला माहीत होतं?"

"रेडिओवर ऐकलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणालास, रेडिओवाले पळवतात."

पण हे सगळं परवडलं असतं. मला दिसत होता तो एकच माणूस, काउंटरमागे उभा, पाठीमागे चाळीस पाव, आणि "संपला" म्हणणारा. हिलारिओ गळाला नव्हता, घाबरलाही नव्हता. तो त्या रेकॉर्डवर शेडमधल्यासारखाच वाजवत होता. मामाच्या मोटरने त्याला पायी चालायला लावलं आणि मी ते छापलं. त्याने ड्रम विकले ते माझ्यामुळे.

"आता काय करणार?" इर्माने विचारलं.

"आजारी पडणार," मी म्हणालो. "शनिवारपर्यंत."

"पडून बघ," इर्मा म्हणाली. हे वाक्य ती ज्या आवाजात म्हणते त्या आवाजात मी आजवर कधी आजारी पडू शकलेलो नाही.

व्हिल्माने मोटरच्या दांड्यावर चिकटपट्टीचे वेढे घातले, म्हणजे दांडा जाड झाला, आणि जाड झाला की तबकडी जलद फिरते. ती एकेक वेढा घालत होती, तिबुर्सिओ वेळ देत होते. शेवटी साडेतीन मिनिटांचं गाणं साडेतीन मिनिटांत संपलं. मी तेव्हा खोलीत थांबलो नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो. ऐकायचं तर सगळ्यांबरोबर, वाचनालयातच ऐकायचं, असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं हे खोटं. धीर होत नव्हता. सोमवारी कचेरीत जाऊन नवी यादी दिली. बाईंनी शिक्का मारला आणि विचारलं, "मग कोण चुकत होतं?" मी म्हणालो, "मामा."

शनिवारी सहाला वाचनालयात सव्वीस माणसं होती. माझ्या अपेक्षेपेक्षा चोवीस जास्त. मागच्या दाराशी, केकच्या पेट्या हातात तशाच धरून, हिलारिओ उभा होता. तो आता जाड झालाय, भुवयाही पांढऱ्या झाल्यात. पिठाने की वयाने, ते लांबून कळेना.

मी उभा राहिलो. घरून आणलेला माझा प्लेअर टेबलावर होता. मी रेकॉर्ड लावली.

आणि बेचाळीस वर्षांनी शेडमधला हिलारिओ खोलीत आला. तोच, बश्या नाचवणारा. वाचनालयाच्या काचेच्या कपाटांची दारं किणकिणायला लागली. तिबुर्सिओंचा पाय आपोआप हलत होता. मागच्या रांगेत व्हिल्मा तर उभीच राहिली. मला त्या वेळी काय वाटलं ते मी अजून वहीत लिहिलेलं नाही, कारण लिहिता येत नाही.

गाणं संपल्यावर मी वाचलं. आधी १९७३ चं, जसंच्या तसं, अंत्ययात्रेसकट. लोक हसले. मग नवीन. ते एवढंच होतं : 'वरील मत मी परत घेतो. ढोलवादकाची चूक नव्हती. माझ्या घरची वीज कमी पडली आणि मी ते न तपासता छापलं. मुद्रितशोधकाला न शोभणारी ही चूक आहे. आन्सेल्मो सुबिरी.'

हिलारिओ चालत पुढे आला आणि त्याने पेट्या माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवल्या. मी डोळे मिटले. तसा मी मार खाल्लेला नाही कधी, पण पद्धत ऐकून होतो.

"तू ऐकायचास तशी लाव," तो म्हणाला.

"काय?"

"व्हिल्माने चिकटपट्टी लावलीय म्हणे, ती काढायला सांग. तुझ्या घरी जशी वाजायची तशी लाव."

व्हिल्माने वेढे सोडवले. मी सुई ठेवली. गाणं सुरू झालं, जड पावलांचं, पावसाळी, प्रत्येक ठोका विचार करून पडणारं. हिलारिओ मान खाली घालून ऐकत होता. अर्ध्यात आल्यावर त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. त्याने मान वर केली, तेव्हा तो हसून हसून लाल झाला होता.

"बरोबर आहे की रे!" तो म्हणाला. "अंत्ययात्रेहूनच येतोय! आणि बूटही चावतायत मला!"

मग खोलीभर हसू झालं. ते ओसरल्यावर मी कसंबसं म्हणालो, "तू ड्रम माझ्यामुळे विकलेस."

"तुझ्यामुळे? बापाची कंबर गेली म्हणून विकले. ते पत्रक वाचलं कुणी होतं? तू आणि मी. लागलं होतं, नाही असं नाही. एक दिवस. रागात 'संपला' म्हणालो. वाटलं, उद्या येईल, तेव्हा देऊ. तू आलाच नाहीस. आन्सेल्मो, बेचाळीस वर्षं समोरचा माणूस सहा चौक लांब जातो पावाला! ढोल वाईट म्हणालास, ठीक आहे. पाव न खाताच वाईट ठरवलास."

मला उत्तरं सुचतात, पण साधारण दोन दिवसांनी.

त्याने पेटीवरचं कागदाचं पुडकं उघडलं. आत एक पाव होता, अजून कोमट. त्याने एक तुकडा तोडून माझ्या हातात दिला. "घे. आणि आता मत सांग. लेखी नको. तोंडी."

सव्वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी घास घेतला. कडक, पातळ कवच, आतून ओलसर, शेवटी किंचित मीठ. मी चावत राहिलो. चव ओळखीची होती. ओळखीची म्हणजे आज सकाळची. कालची. गेल्या नऊ वर्षांची.

मी सावकाश वळून इर्माकडे बघितलं. सहा चौक जाऊन सहा चौक येणारी, सात मिनिटांत घरी हजर होणारी माझी बायको पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या पर्समध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होती.

"बोल की," हिलारिओ म्हणाला. "कसा आहे?"

"खा आता," इर्मा पर्समधूनच म्हणाली.